बोळक्यातले किडे

दुकानाचं शटर वर जायच्या आधीच रांग लागलेली असायची. जागा एवढीशी. पूर्वी तिथे घड्याळं दुरुस्त होत. भिंतीवर घड्याळांच्या गोल खुणा अजून तशाच होत्या. रांगेतला प्रत्येक जण गालाला हात लावून उभा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही सगळी माणसं कसल्यातरी गहन विचारात पडली आहेत. प्रत्यक्षात तिथे विचार सोडून बाकी सगळं चाललेलं असे.

आत पाटावर धुरीवाले बसायचे. 'वैद्य' हे त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतलं होतं. लोक त्यांना धुरीवालेच म्हणत. समोर पाण्याने भरलेली पितळी परात, परातीच्या मध्यभागी विटेवर निखाऱ्यांची खापरी. खापरीत ते तेलात कालवलेलं चिमूटभर बी टाकत आणि लगेच वरून मडकं पालथं घालत. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात नळी. रोग्याने वाकून नळी तोंडात धरायची आणि दुखऱ्या दाढेवर धूर घ्यायचा. मडक्याखाली तडतड व्हायची, रोग्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि हे सगळं होईपर्यंत धुरीवाल्यांचं तोंड क्षणभर मिटत नसे.

"दात तुमचा," ते सांगत, "पण आत राहतो कोण? भाडेकरू. भाडं तर देत नाहीच, वर घर पोखरतो. डॉक्टर काय करतो? घरच पाडतो. आम्ही घराला हात लावत नाही. भुईरिंगणीचा धूर सोडतो. भाडेकरू गुदमरतो आणि नळीतून खाली उडी मारतो."

धूर ज्या नळीतून वर जातो त्याच नळीतून किडा खाली कसा येतो, हे कोणी विचारत नसे. विचारायचं ज्याने, त्याच्या तोंडात नळी असायची.

मग मडकं उचललं जाई. परातीतल्या पाण्यावर बारीक, पांढरे, अर्धगोल वळलेले किडे तरंगत असत. कोमट पाण्यात ते हलल्यासारखेही दिसत. रांगेतून सुस्कारा निघे. धुरीवाले त्यातले चार-दोन किडे काडीने उचलून काचेच्या छोट्या कुपीत घालून रोग्याला भेट देत. भुईरिंगणी आपल्या घराण्याशी सात पिढ्या बोलते आहे, असंही ते सांगत. बोलत असेलही बिचारी. पण धुरीवाल्यांसमोर तिला शब्द बोलायला मिळत असेल, असं काही वाटत नाही.

त्यांच्या डोक्यावर एक पाटी टांगलेली होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. — विज्ञान शिक्षिका.'

ती विज्ञान शिक्षिका म्हणजे आपल्या बाई. नववी-दहावीला विज्ञान शिकवायच्या. अख्खी वस्ती त्यांना विज्ञानाच्या बाई म्हणूनच ओळखायची. औषधाची बाटली आणली की मुदत वाचून घ्यायला लोक त्यांच्याकडे येत, मुलाला कुठल्या शाखेत घालावं हे विचारायलाही येत. बाईंना ते आवडायचं.

परीक्षेच्या दिवसांत त्यांची दाढ ठणकायला लागली. दातांच्या डॉक्टरकडे जायला हवं, हे त्यांना माहीत होतं. पण लहानपणी एकदा त्या खुर्चीत बसल्या होत्या, आणि त्या यंत्राचा कानात घुसणारा आवाज आठवला तरी त्यांचे तळहात ओले व्हायचे. वेदनाशामक गोळ्यांवर त्यांनी दिवस ढकलले. शेवटी चित्रकलेच्या सरांनी धुरीवाल्यांचं नाव काढलं. बाई आधी हसल्या. मग कुठल्या वनस्पतीचा धूर देतात, असं विचारलं. सर म्हणाले, भुईरिंगणी.

हे नाव बाईंच्या घरातलंच होतं. जमिनीलगत पसरणारं, पानापानाला काटे असलेलं, जांभळ्या फुलांचं हे झुडूप. त्याची सुपारीएवढी पिवळी फळं सासूबाई वाळवून बरणीत भरून ठेवत. घरात कोणाला खोकला झाला की काढा व्हायचा, वरून मध. बाईंचे यजमान आणि दीर त्या काढ्यावरच लहानाचे मोठे झाले होते. ओळखीचं नाव ऐकलं की माणूस निम्मी चौकशी सोडून देतो. बाईंनी तेच केलं. त्या गेल्या, वाकल्या, नळी तोंडात धरली, आणि आपल्या दाढेतून निघालेले किडे त्यांनी पाहिले. त्याच आठवड्यात ठणका थांबला. आठवड्याच्या शेवटी त्या आभार मानायला पुन्हा दुकानात गेल्या. पाटीसाठी दोन शब्द द्या, असं धुरीवाले म्हणाले तेव्हा बाईंना आपला मान राखला गेल्यासारखं वाटलं.

वरच्या मजल्यावर त्यांचे दीर आणि धाकटी जाऊ राहत. जाऊ घरीच शिवणकाम करायची; पडदे, उशांचे अभ्रे, कपड्यांची उंची कमी-जास्त करणं. दातांनी धागा तोडायची सवय. तिचीही खालची शेवटची दाढ ठणकायला लागली होती, पण ती बाईंसारखी घाबरट नव्हती. तिने इस्पितळात दातांच्या विभागात जाऊन वेळ घेतली होती. बाईंनीच तिला अडवलं. कशाला उगाच दाढ काढून घेतेस, त्यापेक्षा धुरीवाल्यांकडे चल, म्हणाल्या. जावेने विचारलं, "पण ताई, ते खरं असतं का?"

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," बाई म्हणाल्या. पाटीवरचं वाक्य, शब्दही न बदलता.

बाई तिला स्वतः घेऊन गेल्या. ओळखीच्या म्हणून त्यांना रांगेत उभंही राहावं लागलं नाही. जावेचे किडे बाईंच्या किड्यांपेक्षा जास्त निघाले. ठणका उतरला. जावेने इस्पितळातली वेळ रद्द केली आणि शिवणयंत्रावर बसली.

पुढच्या आठवड्यात तिच्या जबड्याखाली गाठ आली. सासूबाईंनी शेकायला सांगितलं. बाई म्हणाल्या, किडे निघून गेल्यावर थोडी सूज राहणारच. हे त्या कशाच्या आधारावर बोलल्या, हे त्यांनाही नंतर कधी सांगता आलं नाही. गाठ पसरून हनुवटीखाली आली. एका दुपारी बाई शाळेतून आल्या तर जाऊ जिन्याच्या पायरीवर बसली होती. तोंड अर्धवट उघडं, लाळ गळत होती, कारण तिला गिळता येत नव्हतं. जीभ वर उचलली गेली होती. श्वास घेताना गळ्यातून घरघर येत होती. ती बाईंकडे बघत होती, आणि बोलू शकत नव्हती.

इस्पितळात तिला तसंच आत नेलं. श्वासासाठी गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागली. जबड्याखालून चिरा देऊन पू काढला, दाढही काढली. संध्याकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा बाकावर दीर आणि बाई दोघंच होते. पेशंट वाचेल, असं त्यांनी आधी सांगितलं. मग विचारलं, दाढ मध्ये दुखायची थांबली होती का.

दीर म्हणाले, हो, किडे काढल्यावर थांबली.

डॉक्टरीणबाई हातमोजे काढता काढता थांबल्या. दुखणं थांबलं ते दाढेच्या आतली शीर मेली म्हणून, असं त्यांनी समजावलं. शीर मेली की कळ येत नाही. पण जंतू मुळाच्या टोकातून खाली उतरत राहतात, पू जबड्यात साठतो, तिथून गळ्याकडे जातो. आणखी उशीर झाला असता तर श्वास कोंडला असता. किड्यांबद्दल त्या एवढंच म्हणाल्या की दात किडवणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि जे डोळ्यांना दिसतं ते दातात राहत नाही.

"पण मी पाहिलेत," बाई हळूच म्हणाल्या.

"तुम्ही काय करता?"

"शिकवते. शाळेत."

"काय शिकवता?"

बाईंच्या तोंडून 'विज्ञान' हा शब्द निघेना. त्या म्हणाल्या, "भाषा."

शेजारी बसलेल्या दिरांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना त्या क्षणीही वाटलं आणि पुढेही बरेच दिवस वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं. धुरीवाल्यांनी दिलेली कुपी त्यांनी जपून ठेवली होती. एक किडा काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तोंड शोधलं, नव्हतं. आतडं नव्हतं. अंगावर वळ्या नव्हत्या. एका टोकाला निमुळतं मूळ होतं, आणि दुसऱ्या टोकाला एकमेकांना चिकटलेली दोन इवलीशी पानं.

बाई खाली बसल्या. ही आकृती त्या दरवर्षी फळ्यावर काढत आल्या होत्या. भिजवलेलं घेवड्याचं बी सोलून मुलांना दाखवत आल्या होत्या: हे मूळ होणार, ही बीजपत्रं, हा झोपलेला कोंब. दाढेतून निघालेला किडा म्हणजे बियातला गर्भ होता. भुईरिंगणीच्या चपट्या बियात तो जन्मतःच गुंडाळीसारखा वळलेला असतो. निखाऱ्यावर बी फुटतं, कोंब उडून बाहेर पडतो, मडक्याला आपटून पाण्यात येतो. कुठल्याही दाढेचा त्यात काही संबंध नाही. आणि हे ओळखायला वस्तीत कोणी लायक असेल, तर त्या एकट्या होत्या.

घरी येऊन त्यांनी सासूबाईंची बरणी मागितली. वाळकं फळ फोडलं, बी तेलात कालवलं, शेगडीवर तापवलेल्या लोखंडी पळीत टाकलं, पळी परातीतल्या पाण्यावर धरून वरून पातेलं पालथं घातलं. तडतड झाली. पातेलं उचललं तर पाण्यावर तेच पांढरे किडे. सासूबाई आणि सासरे दोघंही वाकून बघत होते.

"काढा मी जन्मभर देत आले," सासूबाई म्हणाल्या. "कोणाला बरं वाटलं, कोणाला नाही. पण किडे दाखवायची वेळ माझ्यावर कधी आली नाही."

बाईंनी आता काय करायचं, हा प्रश्न होता. पोलिसांत कळवता येईल, असं यजमान म्हणाले. सासरे म्हणजे निवृत्त बसचालक, मुळात कमी बोलणारे. ते उठून सदरा घालायला लागले. म्हणाले, "सूनबाई, मला घेऊन चल. माझी दाढ दुखतेय." कोणाला काही कळेना. सासऱ्यांच्या तोंडात स्वतःचा असा एकही दात नव्हता. वरची-खालची कवळी होती. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. हसायला मात्र घरात कोणाला आलं नाही.

दुकानात नेहमीची गर्दी होती. धुरीवाल्यांनी बाईंना पाहून हात जोडले आणि रांगेला सांगितलं की ज्यांनी पाटीवर लिहून दिलं त्या ह्याच. बाईंनी मान खाली घातली. सासऱ्यांनी डावा गाल धरून खालची दाढ दाखवली. धुरीवाल्यांनी त्यांच्या तोंडासमोर दिवा धरून डोकावल्यासारखं केलं आणि निदान सांगितलं: जुना भाडेकरू आहे, बिऱ्हाड मोठं आहे, पोराबाळांसकट राहतोय. सासरे वाकले, नळी तोंडात धरली. तडतड झाली. मडकं उचललं. परातीत किडे तरंगत होते, नेहमीपेक्षा जरा जास्तच. खास गिऱ्हाईक म्हणून बी मोकळ्या हाताने पडलं असावं.

सासऱ्यांनी किडे नीट पाहून घेतले. मग तोंडात बोटं घालून आधी वरची, मग खालची कवळी काढली आणि दोन्ही परातीशेजारी ठेवल्या. रांगेकडे वळून तोंडाचं बोळकं उघडून दाखवलं. काही क्षण कोणालाच अर्थ लागला नाही. मग मागून एक बाई हसली, आणि हसू सगळ्या रांगेत पसरलं. गाल धरून हसणाऱ्यांचे चेहरे मोठे विचित्र दिसत होते.

धुरीवाले हसले नाहीत, पण डगमगलेही नाहीत. किडे हिरडीतसुद्धा राहतात, असं त्यांनी जाहीर केलं. तेव्हा बाईंनी पिशवीतून बी काढलं, शेजारच्या चहावाल्याची शेगडी मागून घेतली, त्याचंच पातेलं घेतलं, आणि सगळ्यांसमोर तेच करून दाखवलं जे घरी केलं होतं. नळी नव्हती. कोणाचं तोंड नव्हतं. पाण्यावर किडे आले. त्यांनी एक बी नखाने सोलून आतला वळलेला कोंब काढला, तळहातावर ठेवला आणि जो पुढे येईल त्याला दाखवला.

धुरीवाल्यांनी शेवटचा पत्ता काढला. पाटीकडे बोट दाखवून ते शांतपणे म्हणाले, "मग बाई, हे तुम्हीच लिहून दिलंत ना? तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

सगळे बाईंकडे बघायला लागले.

"तेव्हा खोटं बोलले नाही," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू येत नव्हता, म्हणून त्या पुन्हा म्हणाल्या. "मला दिसलं ते मी सांगितलं. पण ते काय आहे, हे मी तपासलं नाही. तपासणं हेच माझं काम. माझी कुपी कपाटात होती, सूक्ष्मदर्शक समोर होता. मी बघितलं नाही, कारण दाढ दुखायची थांबली होती आणि डॉक्टरकडे जावं लागणार नव्हतं. माझ्या सांगण्यावरून माझी जाऊ इथे आली. ती आज इस्पितळात आहे, गळ्याला भोक पाडलंय. यांनी फसवलं हे खरं. पण तिला इथे मी आणलं."

आता कोणी हसत नव्हतं. रांगेतून एक माणूस पुढे आला. गॅरेजमध्ये काम करणारा असावा, हात काळे होते. तो बाईंना म्हणाला, की त्याची आई इथे यायला तयार नव्हती. पाटी वाचून तो घेऊन आला. अजून बरी आहे. "तुम्ही विज्ञानाच्या बाई, म्हणून आणलं हो," एवढंच तो म्हणाला आणि निघून गेला.

दुकान त्या आठवड्यात बंद झालं. धुरीवाले दुसरीकडे गेले असतील. अशी माणसं धंदा सोडत नाहीत, जागा सोडतात. बाई मात्र रोज शाळा सुटल्यावर ज्यांना ज्यांना त्यांनी सांगितलं होतं किंवा जे पाटी वाचून गेले होते त्यांच्या घरी जात राहिल्या. आधी त्या गॅरेजवाल्याच्या आईकडे. दारात उभं राहून सांगायचं, मी चुकीचं सांगितलं, दात डॉक्टरला दाखवून घ्या. कोणी चहा विचारला, कोणी दार अर्धंच उघडलं. एकीने ऐकवलं की तुमच्यासारख्यांनीच असं केलं तर आम्ही कोणाचं ऐकायचं. बाई ऐकून घेत आणि पुढच्या घरी जात.

जावेच्या गळ्यातली नळी निघाल्यावर बाई तिला भेटायला गेल्या. एवढे दिवस त्या काचेतून बघून परत येत होत्या. जावेने गळ्याच्या पट्टीवर बोट दाबलं. तसं केल्याशिवाय आवाज फुटत नव्हता. बाईंनी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. जावेने ते सुरूच होऊ दिलं नाही.

"ताई, तुमची दाढ दाखवलीत का?" तिने विचारलं.

बाईंनी दाखवली नव्हती. एवढ्या घरी जाऊन दात दाखवा सांगत होत्या, आणि दातांचा विभाग इथून एकच जिना खाली होता. त्यांनी मान हलवली. जावेने डोळे मिटून घेतले. ती रागावली असती तर बाईंना रडता आलं असतं.

त्या तशाच उठून जिना उतरल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना ओळखलं. दाढेवर बारीक हत्यार टेकवून विचारलं, इथे दुखतं? नाही. इथे थंड लागतं? नाही. दुखायला हवं होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुमचीही शीर मेलेली आहे, वेळेत आलात. मग त्यांनी कागदावर लिहिता लिहिता व्यवसाय विचारला. बाईंनी या वेळी खरं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी वर न बघता लिहून घेतलं.

बाई दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या त्या सुजलेल्या गालाने. बोलताना ओठ नीट मिटत नव्हता, 'प' आणि 'फ' एकच होत होते. मुलं हसली. बाईंनी हसू दिलं. मग सूक्ष्मदर्शक टेबलावर ठेवला, एकेकाला बोलावून काचपट्टीवरचा कोंब दाखवला, आणि सगळी हकीकत सांगितली; काही गाळलं नाही, 'भाषा' सुद्धा नाही. त्यांनी सांगितलं की भुईरिंगणीचा यात काही दोष नाही. तिच्या काढ्याचा उपयोग होतो की नाही हेही तपासूनच ठरवायचं, ओळखीचं नाव आहे म्हणून नाही. दुखणं थांबलं म्हणजे रोग गेला असं नाही. डोळ्यांनी पाहिलं म्हणजे कळलं असंही नाही. कोणी काही सांगितलं तर विचारा, हे कशावरून. सांगणारा कितीही शिकलेला असो.

"मलाही विचारा," त्या म्हणाल्या.

खिडकीजवळची एक मुलगी उठून उभी राहिली. बाईंनी मान हलवून तिला बोलायला सांगितलं.

"बाई, मग त्या दिवशी तुम्ही का नाही विचारलंत?"

बाईंनी मुलीकडे वळून, सुजल्या ओठातून जमेल तितकं स्पष्ट, उत्तर दिलं.

"दुखत होतं गं. आणि ते खरं असावं, असं मला फार वाटत होतं."